भिंतीवरची आत्या

भाच्याच्या बारशाला त्याची आत्या वेळेवर हजर होती. फक्त ती कंपाउंडच्या भिंतीवर होती.

अनगोळच्या पलीकडं, जिथं कालपरवापर्यंत भात डोलायचं, तिथं आता दोन लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात आक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं सासर. मध्ये भिंत. दोन्हीकडचे रस्ते तिच्यावर नाक आपटून थांबतात! शेत होतं तेव्हा बैलगाडी आरपार जायची. माणसं राहायला आली आणि वाट बंद झाली. (याला विकास म्हणतात. नकाशावर शिक्का मारणाऱ्या साहेबाला पाहुणेरावळे नसावेत.) आक्काच्या सासरची फोडणी आमच्या नाकात येते, पण तिथं जायचं तर हायवे, सर्व्हिस रोड आणि गटारीसाठी खणलेला चर ओलांडून अर्धं बेळगाव फिरा!

बारसं आमच्याकडं, आक्काच्या माहेरी; आणि त्या दिवशी नेमका हायवे तुंबला. आत्या, म्हणजे दाजींची थोरली बहीण सुमनताई. ती नसेल तर बाळाच्या कानात नाव सांगणार कोण?

"रिक्षा परत फिरवली रं. भिंतीपाशी उभी हाय," तिचा फोन.

"वाट हा जनतेचा हक्क आहे!" मी गरजलो आणि आमची एकुलती एक शिडी पलीकडं सोडली.

"हक्क ऱ्हाऊ दे, त्या बाईचं वय बघ!" आई ओरडली.

सुमनताई जरीची साडी सावरत चढली, भिंतीवर बसली. आता शिडी वर ओढून अलीकडं लावायची, एवढंच! तेवढ्यात तिचा पाय लागला आणि शिडी पलीकडंच आडवी. तिथल्या वॉचमननं ती उचलून खोलीत कोंडली.

"भिंतीला शिडी लावायला परवानगी न्हाय."

"अरे, बाई वर बसलीया!"

"भिंत नम्मदल्ल," तो म्हणाला. आमची नव्हे! आमच्या वॉचमननंही तेच सांगितलं. शिडी जप्त करायला अधिकारी हजर; बाई उतरवायला भिंत बेवारस!

"फोडा ही भिंत!" मी घोषणा दिली.

"आधी मला उतरीव, मुडद्या!" वरून उत्तर.

दुसरी शिडी आणायला माणूस धावला, पण मुहूर्त थांबतोय होय? शेवटी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, पाळणाच भिंतीखाली आणला. बायका "कुर्रर्र" म्हणाल्या आणि सुमनताईनं वरून बोंब ठोकली, "आदित्य!" कानात सांगायचं नाव दोन्ही लेआउटांनी ऐकलं.

आता रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे. पण आत्याची पाठ कुणाच्या हाताला लागेना. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

पहिला धपाटा आप्पांचा. त्या दिवशी कुठंही वळसा न घेता थेट पोचलेली तेवढी एकच गोष्ट!