मोहरीएवढा कोळी

उदगीरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. चालताना ते माणसांकडं कमी आणि भिंतींच्या कोपऱ्यांकडं जास्त बघायचे. कुठं जाळं दिसलं की थांबून हळूच म्हणायचे, "काय बाई, बरं हाय ना?"

बालाघाटच्या डोंगरात त्यांना मोहरीएवढा एक कोळी सापडला होता. तसा कोळी कुठल्याच पुस्तकात नव्हता. सापडला होता तो नर. नव्या जातीचं वर्णन पुरं करायला त्यांना मादीही हवी होती. कितीतरी महिने ते दगड उलथत हिंडले. एका रविवारी मी सोबत असताना ती दिसली. सरांनी नमुना बुडवून ठेवायची स्पिरिटची बाटली उघडली, भिंगातून नीट पाहिलं आणि बाटलीचं झाकण परत लावलं.

"अंडी सांभाळत बसलीय हो ती. पिल्लं निघू द्या, मग बघू."

"तोवर दुसऱ्या कुणी जाहीर केलं तर?" मी विचारलं.

"करू द्या की."

त्यांनी दगड अलगद होता तसा ठेवला. पुढं ती मादी काही पुन्हा सापडली नाही, आणि वर्षभरात परराज्यातल्या संशोधकांनी तीच जात शोधून तिला नाव दिलं.

ती बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले. "लेकीचं बारसं झालं," म्हणाले.

"पण सर, नाव तुम्ही ठेवणार होता ना?" एकानं विचारलं.

"असं कसं? नाव आत्या ठेवत असती, बाप न्हाई."

सगळे हसले, तेही हसले. पेढे वाटून झाल्यावर मात्र त्या रविवारी मोबाईलवर काढलेला त्या मादीचा फोटो बोटांनी मोठा करून ते बराच वेळ बघत बसले.