ताटीवर ठेवलेल्या गोळ्या

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. जोयड्याच्या एका सरकारी कचेरीत मी अर्ज घ्यायला बसतो. समोरच्याने एक कागद कमी आणला, एखादा रकाना रिकामा सोडला, की माझं डोकं फिरतं. "सगळं नीट सांगितलं होतं ना? कान कुठं ठेवून आला होता?" असं मी दिवसातून चारदा तरी विचारतो. घरच्यांनाही या स्वभावाचा प्रसाद मिळतोच, आणि आईला सगळ्यात जास्त.

आमचं घर अणशीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून अर्धा तास चढावर. मी आठवडाभर जोयड्यात खोली करून राहतो आणि शनिवारी घरी येतो. घरात आई आणि बा. बा सत्तरीला आला तरी शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन चढ चढायचा. मग एका वर्षी तो चढाच्या मध्यावर थांबायला लागला. छाती आवळल्यासारखी व्हायची, डाव्या खांद्यातून जबड्यापर्यंत कळ जायची. दगडावर जरा टेकला की सगळं शांत.

घरात सर्वानुमते ते पित्त ठरलं. आमच्याकडे पित्तावर भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं पाणी. आई सुकवलेली सालं भिजत घालायची आणि बा पेलाभर पिऊन पुन्हा पाटी उचलायचा. चढल्यावर येतं आणि बसल्यावर जातं, ते पित्त कसं असेल, हा प्रश्न वर्षभर आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. बारावी पास झालेल्या मलाही पडला नाही.

पुढे एकदा तो नुसता विहिरीपर्यंत जाऊन घामाघूम झाला, तेव्हा मी त्याला बेळगावला नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्यांपैकी एक जवळजवळ बुजलेली निघाली, तिच्यात जाळी बसवली. दुसरी एक बारीक नळी होती, तिला औषधांवर ठेवू म्हणाले. डॉक्टरांनी बाला समजावून सांगितलं: तंबाखू आजपासून बंद, मीठ कमी, रोजच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, जाळी बसली म्हणजे आजार गेला असं समजायचं नाही. बाने मान डोलावली. तंबाखू त्याने खरंच त्या दिवशी सोडली. सुका बांगडा आणि मिठात मुरवलेले फणसाचे गरे मात्र महिनाभर त्याच्या बोलण्यात येत राहिले.

घरी सोडायच्या दिवशी औषधांच्या खिडकीपाशी एक परिचारिका भेटली. धारवाडकडची असावी, कानडीत बोलत होती. आई दहा हात लांब बाकावर बाला धरून बसली होती. परिचारिकेने मला रोजच्या गोळ्यांची पाकिटं दिली आणि शेवटी एक छोटी तपकिरी काचेची बाटली हातात ठेवली. छातीत दुखलं की बसवायचं आणि यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. त्या बाटलीविषयी ती बराच वेळ बोलली. मी हूं हूं करत होतो. जोयड्याची गाडी सुटायला थोडाच वेळ होता आणि माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं.

बाकाकडे येऊन मी आईच्या हातात बाटली दिली. "दुखलं की जिभेखाली. जपून ठेव."

तेवढंच. मग आम्ही बाला धरून गाडीकडे निघालो.

त्याच दिवशी घरचा चढ चढताना बाची छाती आवळली. मी त्याला दगडावर बसवलं, आईकडून बाटली घेतली आणि एक गोळी काढून जिभेखाली ठेवली. "जीब चुरचुरली," तो म्हणाला, आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा मोकळा झाला. आई हे सगळं उभ्याउभ्या बघत होती. तिने बाटली माझ्याकडून परत मागून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. "ह्यो दाना जिवाचा हाय," ती म्हणाली.

आता आमच्याकडचा पावसाळा ज्याने काढला नाही त्याला पुढचं समजणार नाही. चार महिने घरात काहीही कोरडं राहत नाही. मिठाचं पाणी होतं, काड्यापेटी पेटत नाही, पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते. वरून उंदीर, मुंग्या. म्हणून जे खरोखर राखायचं असतं ते चुलीवर जातं. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते, तिला बारा महिने धूर आणि धग लागते. काकडी, दोडका, चिबूड, वाल, सगळ्यांचं बी राखेत घोळवून, पोकळ वाळलेल्या दुधी भोपळ्यात भरून, तोंडाला चिंधीचा बोळा लावून त्या ताटीवर ठेवायचं. माझ्या आईच्या हातचं बी सगळ्या वाडीत नावाजलेलं. तिचा एक दाणा कधी फुकट गेला नाही, असं शेजारची काकी सांगते, आणि काकी कुणाचं सहज कौतुक करणारी नाही.

आईने रोजच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. त्या बाटलीतल्या गोळ्या मात्र तिने एका लहानशा भोपळ्यात ओतल्या, वर राख घातली, बोळा लावला आणि ताटीवर ठेवल्या. तिचा हिशेब साधा होता. खायचं धान्य कणगीत, राखायचं बी ताटीवर.

मी दर शनिवारी घरी येत होतो. बाच्या रोजच्या गोळ्या मोजत होतो, आमटीत मीठ किती पडतं यावर डोळा ठेवत होतो, आईशी त्यावरून वाद घालत होतो. ती बाटली कुठे आहे, हे मी सबंध पावसाळ्यात एकदाही विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. रविवारची सकाळ. बा अंगणात पेंढा रचणाऱ्या गड्यांना सूचना करत बसला होता. अचानक त्याने छातीवर मूठ धरली. मी धावलो, त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि आईला हाक मारली. तिला शोधावं लागलं नाही. मी तीनदा हाक मारेपर्यंत ती चुलीवरचा भोपळा काढून, राख झटकून, तळहातावर गोळी घेऊन हजर. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण एक खात्रीही होती. वेळेला तिने राखलेलं कामाला येणार होतं.

गोळी पिवळट दिसत होती. मी ती बाच्या जिभेखाली ठेवली आणि वाट पाहिली.

"राखंची चव हाय," बा म्हणाला. "चुरचुरंना."

दुसरी दिली. तिचा बोटातच भुगा झाला, तो तसाच ठेवला. बाला घाम सुटला होता. आई म्हणाली, "जीप सांगूया काय?" मी म्हणालो, "जरा थांब. चढावर दोन मिनिटांत थांबलं होतं, आताही लागू पडेल." मग तिसरी दिली. असा पाऊण तास गेला. तोवर बाच्या ओठांचा रंग उतरला. फोन लागायचा तर देवळामागच्या टेकाडावर जावं लागतं. तिथे पळत जाऊन मी जीप बोलावली. चौघांनी बाला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उतरवलं.

जोयड्याच्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. हृदयाचा आलेख काढला, एक गोळी चावायला लावली, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. बेळगावला न्यायला रुग्णवाहिका सांगितली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "जिभेखालची गोळी दिली होती का?"

"तीन दिल्या," मी म्हणालो. आईने पदरातून उरलेल्या गोळ्या काढून दाखवल्या. डॉक्टरांनी एक बोटांत धरली, वास घेतला. "या कुठं ठेवल्या होत्या?"

"चुलीवर," आई म्हणाली. "भोपळ्यात."

डॉक्टरांनी आवाज न चढवता सांगितलं की या गोळ्या उष्णतेने मरतात, यात आता औषध राहिलेलं नाही. ते आणखीही काही सांगत होते, पण मी ऐकायला थांबलो कुठे? मी आईवर तुटून पडलो. त्या व्हरांड्यात, दहा अनोळखी माणसांसमोर. "औषध काय आणि बी काय, एवढंही कळत नाही? जपून ठेव म्हटलं होतं ना? आता बा गेला तर तुझ्या हातानं गेला!"

आईने गोळ्या पुन्हा गाठीत बांधल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला धरलं. "पहिल्या गोळीनं पाच मिनिटांत थांबलं नाही तर तडक निघायचं असतं. तुम्ही पाऊण तास काढलात. हे सुटी देताना कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. ती खिडकी, ती बाई, तिचा उजेडाकडे धरलेला हात, सगळं मला एकदम आठवलं. गोळ्या या बाटलीतून काढायच्या नाहीत. ऊब, ओल, उजेड यांपासून लांब. झाकण घट्ट. पाच मिनिटं. मी तिचं बोलणं ऐकलं होतं आणि आईपर्यंत त्यातले दोन शब्द पोचवले होते. आणि आमच्या घरात जपून ठेवायची जागा एकच, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. एक रकाना रिकामा सोडणाऱ्यावर खेकसणाऱ्या माणसाने सगळा अर्जच कोरा दिला होता. पण त्या व्हरांड्यात हे कबूल करायची माझी छाती झाली नाही.

बा वाचला. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा दुबळा झाला. आता तो चढ चढत नाही. रोज सकाळी काट्यावर उभा राहतो, कारण वजन एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं. पाणी मापून पितो. अंगणात बसून सुंभ वळतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करतो. आईला मात्र मी पुढे सहा महिने यातलं काही सांगितलं नाही. नवी बाटली आणली, तीही स्वतःच बाच्या उशाशी गार कोनाड्यात ठेवली, आईच्या हातात न देता. ती हे बघत होती.

मग परसात वेल लावायचे दिवस आले. एका रविवारी मी चहा घ्यायला चुलीपाशी बसलो आणि सहज वर पाहिलं. ताटी रिकामी होती. एकही भोपळा नाही.

काकीच्या घरी गेलो तर तिच्या ताटीवर आमचे सातही भोपळे रांगेत. "तुझ्या आयनंच आणून दिलं," काकी म्हणाली. "म्हणती, माज्या हाताखाली राखलेलं जगत न्हाई आता. तूच ठेव. मी लई समजावलं, ऐकंना."

मला लाज वाटली. एवढी की काकीच्या दारातून पाय निघेना. ज्या बाईचा एक दाणा कधी फुकट गेला नाही, तिचा हात मी माझ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी अपशकुनी ठरवला होता.

घरी आलो. आई अंगणात सुपारी सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आई, ती चूक तुझी नव्हती. त्या बाईनं मला सगळं सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

तिने वर पाहिलं नाही. "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"बाकावरनं बगत हुते न्हवं मी. ती बाय लई येळ बोलत हुती. बाटली उजेडाकडं धरून नको नको करत हुती. तू आलास आणि दोनच शबुद सांगिटलंस. तवाच वाटलं, हेनं काय तरी गाळलंय. पर तुला इचारलं की तू खेकसतोस."

मी विचारलं, "मग दवाखान्यात का नाही बोललीस? मी एवढं बोललो, सगळ्यांसमोर."

"तुजा बा आत हुता. गाडी करायची, सह्या करायच्या, बेळगावला पळायचं, कोन करनार हुतं? मला लिवता येतंय व्हय? त्या घडीला तू ढासळला असतास तर दोगं बी माज्या हातचं गेलं असतं. म्हनून घेतलं माज्यावर." तिने सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "नंतर सांगशील वाटलं. सा म्हैनं झालं."

बा पलीकडे सुंभ वळत होता. त्याने ऐकलं असणार, पण मान वर केली नाही.

आईने सुपारीची टोपली बाजूला सारली. पदराला हात पुसले आणि माझ्याकडे तोंड करून बसली. "आता सांग. काय काय म्हनली ती?"

मी सांगायला लागलो. गोळ्या बाटलीतून काढायच्या नाहीत. झाकण घट्ट लावायचं. चुलीपासून, उन्हापासून, ओलीपासून लांब ठेवायची. बाटली उघडली की तारीख लिहायची आणि जुनी झाली की नवी आणायची. दुखलं की आधी बसवायचं, उभं ठेवायचं नाही. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर वाट बघायची नाही, दवाखान्याकडे निघायचं. या वेळी मी एकही ओळ गाळली नाही. आई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होती.

माझं सांगून झालं. आत चुलीवर ठेवलेलं दूध अजून तापलंही नव्हतं.

आई माझ्याकडे बघत राहिली. "येवढंच हुतं व्हय?" तिने विचारलं.