दहा पुरुष पाणी

मोंबासाला एका चादरींच्या दुकानात मी दोन वर्षं हिशेब लिहिला आणि रविवारी स्कुबा डायव्हिंग शिकलो. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली जायचं. पुढे शिकवणाऱ्यानंच नोकरी देऊ केली, पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणायची. ती धरण्याआधी मे महिन्यात रजेवर सोलापूरला आलो, तर वडिलांनी ओळखीपाळखीतून बँकेत कारकुनाची जागा माझ्यासाठी अडवून ठेवलेली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

मला आकडे आवडतात, आणि पाण्याखाली आकड्यांवरच जगायचं असतं. किती खोल, किती वेळ, टाकीत किती हवा. पण घरी सांगताना मी एवढंच म्हणालो, "माणसांना पाण्यात नेतो आणि वर आणतो."

आमच्या शुक्रवार पेठेत पाण्यातून माणूस वर आणतात ते एकाच कामासाठी. तलावात कुणी बुडालं की पट्टीच्या पोहणाऱ्याला बोलावणं जातं, तो एकटा उतरतो, बाकीचे काठावर उभे राहतात. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशीच आईला म्हणाल्या, "मढी काढायला एवढ्या लांब कशाला? आपल्या कंबर तलावात मिळतात की!"

आईची झोप उडाली. रात्री कूस बदलताना तिच्या बांगड्या वाजत राहायच्या. मी कितीही समजावलं तरी ती म्हणायची, "बँकेत जा बाबा. कोरडं काम आहे."

शेवटी मामांनी आम्हा तिघांना मैंदर्गीला बोलावून घेतलं. त्यांच्याच विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून, मी पोहायला शिकलो होतो.

"लई शाना झालास की," मामा म्हणाले. "उतर, बगू दे तुज्या आईला."

टाकी मोंबासालाच होती. जवळ फक्त पाण्यातला चष्मा होता. मी कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक आईच्या हातात दिलं आणि सांगितलं, "तू एकदा ओढ. मी बरा असलो की एकदा ओढीन."

दम धरून खाली गेलो. तळाशी पोचेपर्यंत आईनं चार-पाचदा ओढलं. दर वेळी मी उत्तर दिलं. वर आलो तेव्हा ती चक्क हसत होती. मामांना म्हणाली, "बोलतो की रे हा खालून!"

वडिलांनी विचारलं, "हितं पाणी किती?"

"दोन पुरुष," मामा म्हणाले. "एकावर एक दोन मानसं बुडतील एवढं."

"आणि तिकडं?"

कमी सांगता आलं असतं. "दहा पुरुष. कधी बारा."

आई म्हणाली, "दोरी लांब लागत असेल."

"दोरी नसते, आई."

तिनं हातातली दोरी खाली टाकली. मामी मागून "बेड, बेड" करू लागल्या, म्हणजे कानडीत नको, नको. मी घाईनं म्हणालो, "पण एकट्यानं उतरायचंच नाही, असा नियम आहे. जोडीदार लागतो. त्याची हवा मी बघायची, माझी त्यानं. एकाची संपली तर दुसऱ्याच्या टाकीतून घ्यायची."

"रोज असतो?" आईनं विचारलं.

"रोज. तो नसेल तर मीही उतरत नाही."

आईनं वाकून विहिरीत पाहिलं. बाकीचे काठावर उभे असताना जो एकटाच उतरतो, तसा मी नव्हतो, हे तिला तेव्हा पटलं असावं. ती म्हणाली, "मग तो वर आल्याशिवाय तूही वर यायचं नाहीस. त्यालाही आई असेल."

"नाही येणार."

वडिलांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "सोमवारी बँकेत स्वतः जाऊन नाही म्हणून सांग. चिठ्ठी पाठवायची नाही. शब्द मी टाकला होता, मीही येतो बरोबर."

परतीच्या एसटीत आईला खिडकीची जागा मिळाली. अक्कलकोट यायच्या आधीच ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली. रस्ता खड्ड्यांचा होता, पण सोलापूरपर्यंत तिला जाग आली नाही, आणि मीही खांदा हलवला नाही.