दहापैकी शून्य

गर्भाशयाची पिशवी काढून मला वॉर्डात आणलं, त्या दुपारी सिस्टरने कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, दहापैकी किती?" मी पेपर तपासून केस पांढरे केलेली शाळेतली बाई. त्यात गुंगी, आणि ओटीपोटात आग. दहापैकी म्हटल्यावर मला मार्कांशिवाय काय सुचणार? या नालायक शरीराला मी दोन दिले. सिस्टरने लिहून घेतलं आणि गेली.

सासूबाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावलं होतं, की दुखणं मारणारं नशेचं औषध त्या आता कमीत कमी देतात. साधं दुखण्याचं औषध वेळच्या वेळी सलाईनमधून मिळेल, आणि तरीही दुखण्याचा आकडा वर गेला तरच त्या नशेच्या औषधाची, ट्रामाडॉलची सुई. मी ऑपरेशनच्या धास्तीने अर्धमेली झालेली, माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नव्हतं. सासूबाईंनी मात्र सगळं नीट ऐकलं होतं.

सिस्टर परत आली. "आता किती?" आता घामाने उशी ओली झाली होती. "एक," मी म्हणाले. "अरे वा, मस्त!" मस्त? माझा इथे जीव चाललाय आणि भवानीला मस्त वाटतंय! मनातल्या मनात तिला अशा शिव्या घातल्या, की शाळेत कुणी ऐकल्या असत्या तर नोकरी गेली असती.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा "शून्य" म्हणाले आणि भोकाड पसरलं.

"शून्य आहे तर काहून रडून राहिल्या मॅडम?"

"मग हसू का? नापास झाले ना मी!"

शेजारच्या खाटेवरची बाई टाके दाबून हसायला लागली. तिचंही हेच ऑपरेशन, पण ती साध्या औषधावर उठून फेऱ्या मारत होती. सिस्टरने कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, दहा म्हंजे सगळ्यात जास्त दुखणं!" धावत जाऊन डॉक्टरांना विचारून आली, मला सुई दिली, मग सासूबाईंकडे वळली. "आजी, तुम्हाले तर माहीत होतं. सांगाचं नाही काय?"

"होतं ना माहीत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाहून राहिली होती, किती सोसते तं. माह्यी पिशवी काढली तवा मले कोणी इचारलं होतं काय? पदर तोंडात कोंबून पडली होती मी."

बाई गं! म्हणजे मी तडफडत होते आणि ही स्टुलावर बसून माझी परीक्षा घेत होती! पोटाला टाके नसते, तर स्टुलासकट उलथवली असती.

घरातले सगळे म्हणतात, त्यांनीही भोगलंय, समजून घे. घेतलं समजून. पण त्यांचं दुखणं दहापैकी किती होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.