एका ग्राफिक कार्डासाठी बदनापूरपर्यंत

सकाळची जालना गाडी जाफराबादच्या स्टँडवर लागली तेव्हा मिलिंदला पायऱ्या चढवायला दोघं लागलो, मी आणि कंडक्टर. कंडक्टरने काही न विचारता त्याच्या काखेत हात घातला, वर घेतलं, सीटवर बसवलं आणि तिकिटं फाडायला निघून गेला. अशी माणसं मला आता आवडायला लागली आहेत. विचारणारी जास्त भेटतात.

मिलिंद माझा नवरा, वय छत्तीस. एप्रिलमध्ये पुण्याच्या खोलीवर त्याला मेंदूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतो, आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं समजतं, स्वतःचे शब्द बाहेर येत नाहीत. एकच शब्द शाबूत राहिला, ‘बराबर’. होकाराला तोच, नकाराला तोच, रागालाही तोच. सुरावरून अर्थ मी लावायचा.

आम्ही निघालो होतो कॉम्प्युटर घ्यायला. तयार मिळतो तो नव्हे, एकेक भाग निवडून घरी आणायचा आणि आपल्या हातांनी जोडायचा. पुण्यात मिलिंद बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा. खिडकीतून ऊन कसं येईल, जिन्यावर सावली कुठे पडेल, सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं. आठवड्यात अख्खी इमारत व्हायची. त्या कामाचा दणकट कॉम्प्युटर कंपनीचा होता, तो कंपनीत राहिला आणि हा घरी आला. मी इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्याचं काम मला फोनवर पाठवलेल्या चित्रांपुरतं माहीत.

पाच-सहा महिने तो पलंगावर पडून होता. मग मोबाईलवर असे कॉम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ बघायला लागला. एखाद्या भागावर डावं बोट ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी वहीत नाव लिहून घ्यायचे. असं करत यादी झाली आणि दिवाळीच्या सुट्टीत निघालो. त्याला आवडीचं काहीतरी करू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मला त्याहून जास्त हवं होतं. तो पुन्हा कामाला लागावा, कमावता व्हावा, पूर्वीसारखा व्हावा. हे मी कुणाला बोलले नव्हते.

टेंभुर्णीपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. मी धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखट, लसूण घालून थापलेली भाकरी) सोडले आणि तुकडे करून त्याच्या हातात देत गेले. पुढच्या सीटवरची म्हातारी वळून वळून बघत होती.

“लकवा मारला का पाव्हण्याला?”

“हो.”

“जालन्याला दवाखान्यात चालले?”

“न्हाई आजी. कॉम्प्युटर घ्यायला.”

तिने त्याच्या पडलेल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढे वळून बसली.

जालन्यात मस्तगड भागात फारूकभाईंचं दुकान आहे, शटरएवढंच रुंद आणि आत लांबच लांब. तिथल्याच माझ्या एका मैत्रिणीने नाव सुचवलं होतं. फारूकभाई पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. आम्हाला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि सगळं माझ्याशी बोलायला लागले.

“भाभी, पेशंटच्या टाइमपाससाठी इतका खर्चा कशाला? साधा घ्या. व्हिडिओ बिलकुल मस्त चालतात.”

“टाइमपाससाठी न्हाई. हे थ्रीडीचं काम करतात. यादी त्यांचीच आहे.”

त्यांनी वही हातात घेतली, चष्मा खाली ओढला आणि शांतपणे वाचली. “हे प्रोसेसर अन् हा बोर्ड एकमेकांना बसतात, बराबर आहे. रॅम जरा जास्तच सांगितली.”

“बराबर,” मिलिंद म्हणाला. तो नकार होता. मी तसं सांगितलं. रॅम जास्तच ठेवली.

मग कॅबिनेट, म्हणजे ज्यात सगळं बसवायचं ती पेटी. फारूकभाईंनी काचेची काढली, आत रंगीत दिवे. हल्ली सगळे हीच नेतात म्हणाले. मला आवडलीही. मिलिंद काठी टेकत उठला, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका काळ्या पत्र्याच्या पेटीपाशी गेला आणि तिच्या पुढच्या जाळीवरून बोटं फिरवली. मग तोंडाजवळ पंजा हलवून वारा घेतल्यासारखं केलं.

“आमच्याकडं उन्हाळ्यात लई तापतं,” मी म्हणाले. “हवा खेळती पाहिजे, असं म्हणून राह्यलेत.”

फारूकभाई हसले नाहीत. वीज पुरवणारे दोन डबे, पॉवर सप्लाय, आणून त्यांनी माझ्यासमोर न ठेवता त्याच्यासमोर ठेवले. दोन्हींवर ताकद एकच छापलेली. मिलिंदने डाव्या हाताने एक उचलून पाहिला, मग दुसरा. दुसरा जड होता. तोच पुढे सरकवला.

“सही पकडे,” ते म्हणाले. “हलक्यात माल कमी असतो. गिऱ्हाईक छापील आकडा बघून नेतं.” त्यानंतर ते मिलिंदशीच बोलले. एप्रिलपासून परका माणूस त्याच्याशी सरळ बोललेला मी पहिल्यांदा पाहत होते. त्याची मान ताठ झाली होती.

अडलं ते ग्राफिक कार्डापाशी. चित्र काढण्याचा सगळा भार तेच उचलतं. यादीतलं कार्ड दुकानात नव्हतं, आणि नवं मागवलं तर आमच्या आवाक्यात नव्हतं.

“बदनापूरला आमच्या ओळखीचा एक जण आहे, सुनील,” फारूकभाई म्हणाले. “लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. काम बंद करून राह्यला. हेच कार्ड आहे त्याच्याकडं. चालवून बघितल्याबिगर घेऊ नका.” त्यांनी फोन लावून दिला. बाकीचं सामान, दोन मोठ्या स्क्रीनसकट, बांधून ठेवतो म्हणाले.

काळी-पिवळी जीपमध्ये आम्हाला मधल्या सीटवर जागा मिळाली. बदनापूरला उतरताना मिलिंदचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर जोरात आदळला. “बघून उतर की,” मी म्हणाले. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात अरे-तुरेच. सासूबाईंना ते अजून पसंत नाही. खांदा चोळायला त्याच्याकडे एकच हात, आणि त्यात काठी.

सुनील स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका खोलीत भेटला. “जयभीम ताई, या. या दादा.” भिंतीवर लग्नातल्या जोडप्यांचे फोटो होते, अर्धे काढून खाली रचलेले. लोक आता मोबाईलवरच सगळं करतात, म्हणाला. कार्ड त्याच्या कॉम्प्युटरला लावलेलंच होतं, समोर दोन स्क्रीन शेजारी शेजारी. त्याने डाव्या स्क्रीनवर एका घराचं चित्र सुरू केलं, ते सावकाश फिरत होतं. पंखे वाढत वाढत घोंगावायला लागले.

“दादा, आता उजवीकडं बघा. कार्ड किती तापून राह्यलं त्याचा आकडा हाय तिथं.”

मिलिंद डाव्या स्क्रीनकडेच बघत राहिला.

“उजव्या स्क्रीनवर, दादा.”

मिलिंदने मान हलवली, चांगलं आहे अशा अर्थी. उजवीकडे पाहिलं नाही. सुनील उठून त्याच्या समोर आला आणि म्हणाला, “माझ्या नाकाकडं बघा.” त्याने स्वतःचा एक हात मिलिंदच्या उजव्या बाजूला लांब धरला आणि बोटं हलवत हळूहळू मध्ये आणला. बोटं नाकासमोर येईपर्यंत मिलिंदची पापणी हलली नाही. डावीकडून आणलेला हात त्याला लगेच दिसला.

“ताई,” सुनील हळूच म्हणाला, “ह्यांना उजवीकडचं दिसत न्हाई. दोन्ही डोळ्यांनी. माझ्या वडिलाला असंच झाल्तं.”

मला ताट आठवलं. सात महिने हा ताटातली उजवीकडची भाजी तशीच टाकून उठत होता, आणि मी चिडत होते की ह्याला माझ्या हातचं आता गोड लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंही असेल. दवाखान्यातल्या त्या दिवसांत मी किती ऐकलं, किती नाही, मलाच ठाऊक नाही.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

तो जमिनीकडे बघत होता. मग त्याने मान डोलावली.

“पहिल्यापासून?”

पुन्हा मान डोलावली.

परक्या माणसाच्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. “अर्धं जग दिसत न्हाई तुला, अन् तू दोन दोन स्क्रीन निवडून राह्यलास? मी काय काय मनात धरून आल्ते, माहिताय का? कसलं काम करणार तू?” अजूनही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनील दारात जाऊन उभा राहिला. “न्हाई घेतलं तरी चालतंय ताई,” एवढंच म्हणाला.

मिलिंदने माउस डाव्या बाजूला ओढून घेतला. स्क्रीनवरचं घर थांबवलं. मग त्यानेच ते फिरवायला सुरुवात केली, अडखळत, चुकत. घराची उजवी भिंत हळूहळू वळून डावीकडे आली, मग मागची बाजू आली, मग पुन्हा पुढचं दार. प्रत्येक बाजू त्याच्या दिसणाऱ्या अर्ध्यात येत गेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तीन-चार मिनिटांत बोटं दमली आणि माउस सुटला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी कार्ड घेतलं. विश्वास बसला म्हणून घेतलं असं म्हणणार नाही. तो पुढे काय बघत जगेल, ह्याचं दुसरं उत्तर त्या खोलीत माझ्याकडे नव्हतं. सुनीलने कार्ड काढून फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि मिलिंदच्या डाव्या हातात दिलं. रस्त्यापर्यंत सोडायला आला. “माझ्या वडिलाला आम्ही मान वळवायची सवय लावली,” तो मला म्हणाला. “तुमी बी लावा. रोज सांगावं लागतं.”

मस्तगडला परत आल्यावर मी फारूकभाईंना म्हटलं, “स्क्रीन एकच द्या.”

त्यांनी मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि काही न विचारता बिलातली एक ओळ खोडली. खोकी सुतळीने बांधून रिक्षात स्वतः ठेवली.

परतीच्या गाडीत मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. मागे सामान, त्याच्या मांडीवर कार्ड. ऊन उतरत होतं, वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधावर रचलेली दिसत होती. राग गेला नव्हता, आवाज मात्र खाली आला होता.

“मला सांगायचं होतं ना रे,” मी म्हणाले. “खुणेनं तरी.”

तो सांगायला लागला. म्हणजे ओठ हलवायला लागला. दोनदा ‘बराबर’ निघालं, दोन्हीदा त्याने मान झटकली. मी सवयीने वाक्य पुरं करायला गेले, तर हात वर करून मला थांबवलं. गाडी टेंभुर्णीला थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा निघाली. मग तो म्हणाला:

“तू... न्हाई... आली.”

‘बराबर’ सोडून सात महिन्यांतले पहिले तीन शब्द. क्रियापद मोडकं होतं, पण अर्थ लावायला मला वेळ लागला नाही. सांगितलं असतं तर तू आली नसतीस. ते खरं होतं. त्याचा हात गेला, बोलणं गेलं, तरी मी आले होते. पण अर्धी नजर नाही हे कळलं असतं, तर मी वही बंद करून कपाटात ठेवली असती, आणि त्यालाच जपणं म्हणत राहिले असते.

कॉम्प्युटर आम्ही घरी दोन दिवसांत जोडला. हात माझे, बोट त्याचं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा स्क्रीन काळीच राहिली. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती. खट् आवाज येईपर्यंत दाब, असं त्याने माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून दाखवलं. मग चालू झाला.

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. गेलेली नजर परत येईल असं त्यांना वाटत नाही. पुण्याच्या कंपनीला मी दोनदा फोन केला, दोन्हीदा त्यांनी गोड बोलून ठेवून दिला. आता करत नाही. मी जे मनात धरून त्या सकाळी निघाले होते, ते होणार नाही. हे मला बदनापूरच्या त्या खोलीतच कळलं होतं, कबूल करायला डिसेंबर उजाडला.

तो रोज वीसेक मिनिटं बसतो, मग डोकं धरून आडवा होतो. परवा शाळेतून आले तर त्याने स्क्रीनकडे बोट केलं. एक भिंत होती. साधी विटांची, मधोमध खिडकीची मोकळी जागा. त्या एका भिंतीला त्याला नऊ दिवस लागले होते. मी पिशवी खाली ठेवली, त्याच्या डावीकडे खुर्ची ओढली आणि म्हटलं, मागच्या बाजूनं दाखव.