लातूरची बहीण

मुरुड सोडलं त्या दिवशी थोरल्या जावेनं वाटेसाठी भाकरी दिल्या, पण हातात नाही. अंगणातल्या दगडावर ठेवल्या आणि लांब होऊन म्हणाली, "घ्या, जपून जा." माझ्याआधी कोंबडी पोचली. आई जीपपर्यंत आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाली, "रडायचं ते नांदेडला जाऊन रड, जीप भरून राहिली."

नवऱ्यानं मागं दोन गोष्टी ठेवल्या होत्या, एचआयव्ही आणि रेडिओ. रेडिओ दिरानं ठेवून घेतला.

तुम्ही मुरुडची माणसं आता फोनवर विचारता, तिकडं कसं काय, म्हणून लिहिते. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंगच्या पोरांच्या मेसमध्ये मी स्वयंपाक करते. तुमच्याकडं माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं. इथं होणारे इंजिनीअर माझ्या हातच्या भाकरीसाठी भांडतात. अर्थात, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

गोळ्या नांदेडलाही मिळतात. पण मेसच्या ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी लातूरला जाते. लातूरची माणसं त्याच भीतीनं नांदेडला येतात. एसटीचं बरं चाललंय. मेसच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मी थोरली असून मीही म्हणते; त्या मला मावशी म्हणतात. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझी बहीण लातूरला असते, आजारी असते. बहीण मला नाहीच. काकूही मधूनमधून लातूरला जायच्या, साड्या आणायला. त्या गेल्या की मेस मी सांभाळायची, मी गेले की त्या.

मागच्या वर्षी भांडी घासणाऱ्या गयाबाईच्या पिशवीत गोळ्यांची डबी सापडली. काकूंनी तिला दुपारीच काढून टाकलं. मी पीठ मळत होते. म्हटलं, "काकू, भांड्यातून नाही लागत ते."

"तुम्हाला लई ठाऊक!" काकू म्हणाल्या.

ठाऊक होतंच. माझी डबी मेथीदाण्याच्या बरणीत होती.

मग दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद झाली आणि मी लातूर गाठलं. दवाखान्यात सगळ्या बायका तोंडाला स्कार्फ बांधून रांगेत. पुढं एक माणूस मधेच घुसला, तशी एक बाई ओरडली, "ओ, मागं व्हा! सगळ्यांना मिळंल, कमी न्हाई पडत!"

हे वाक्य मी रोज दोन वेळा ऐकते, भाकरी वाढताना. तोंडातून निघून गेलं, "काकू, हळू."

बाई वळली. नुसते डोळे दिसत होते. माझ्या डोळ्यांकडं बघून म्हणाली, "मावशी, बहीण कशी हाय?"

"बरी हाय. तुमच्या साड्या मिळाल्या का?"

बाहेर चहाच्या गाड्यावर काकू रडायला लागल्या. "कुणाला सांगू नका हो. मेस बसंल माझी."

"मी कशाला सांगू? तुम्हीच मला काढाल."

"तुम्हाला कशी काढीन? तुम्ही सैपाक करता."

"मग गयाबाईनं काय केलं होतं?"

"ती... भांडी घासायची."

"म्हणजे आजार एकच. मालकिणीला झाला तर झाकायचा, सैपाकणीला झाला तर चालवून घ्यायचा, आन् भांडेवालीला झाला की हाकलायचं?" मी कप खाली ठेवला. "गया आली तरच मी पिठाला हात लावीन. न्हाई तर मलाबी काढा."

माझ्या वयाच्या बाईला दुसरं काम कोण देणार, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. एसटीत काकू लांबच्या सीटवर बसल्या.

मेस उघडली त्या सकाळी मी चुलीपाशी हाताची घडी घालून बसले. पोरं ताटं वाजवायला लागली. काकूंनी स्वतः दोन भाकरी थापल्या. एका पोरानं त्यातली एक उचलून विचारलं, "काकू, ही खायची का हिच्यावर वाढून घ्यायचं?" काकूंनी पदर खोचला आणि रिक्षा करून गयाबाईच्या घरी गेल्या.

गयाबाई आली. काकूंनी माफी मागितली तर म्हणते, "माफी ऱ्हाऊ द्या, थंडीत भांड्याला गरम पाणी द्या." दिलं.

परवा दिराचा फोन आला. पुतणीचं लग्न आहे. "वहिनी, या. फक्त सैपाकाकडं जाऊ नका, लोक बोलतात."

मी म्हटलं, "त्या दिवशी गयाबाई न्हाई, काकू न्हाई, दोघी लातूरला बहिणीकडं, आन् सगळी पोरं जेवायला. भाऊजी, घर टाकून कशी येऊ?"