अधांतरी चाक

टिर्र-टिर्र-टिर्र... रातकिड्यानं सूर धरावा तसा तो बारीक आवाज गेलं वर्षभर आमच्या सेलूच्या घरात रोज संध्याकाळी घुमत असे. दिवाणखान्यात स्टँडवर चढवलेल्या सायकलचं मागचं चाक आमचे हे बोटानं फिरवत, आणि ते अधांतरी चाक कुठंही न जाता कितीतरी वेळ फिरत राही.

खरं सांगू? त्या सायकलच्या रूपावर मीही लुब्ध होते. ती मोरपंखी निळी काया, एका हातानं उचलावी असा तो हलकेपणा! माणसाच्या हातून इतकं नेटकं काही घडतं, याचं मला नवल वाटे. मग तिचा मोह पडलेल्याला हसावं तरी कसं? तिच्यामागोमाग हेल्मेट आलं, हातमोजे आले, गॉगल, दिवे, वेग मोजणारं यंत्र आलं. दारात कुरिअरवाला दिसला की यांचा चेहरा उजळे. सर, ही चालवायची कधी, असं शेजारी विचारत. अजून पंप यायचाय, असं हे सांगत.

मला मात्र कारण ठाऊक होतं. निवृत्तीनंतर रोज पहाटे मित्रांबरोबर जुन्या सायकलवरून वालूरपर्यंत जाऊन येणारे हे, त्याच रस्त्यावर एकदा वाईट पडले. हाड जुळलं, डॉक्टरांनी खुशाल चालवा म्हणून सांगितलं, पण मनातली भीती काही जाईना. काही दिवस त्या जुन्या सायकलवरूनच शिवेपर्यंत जाऊन मागं फिरायचे, मग तेही थांबलं. त्यानंतर ही नवी सायकल आली. पुढची प्रत्येक खरेदी म्हणजे, बाजारात कुठं धीर मिळतो का, याचा शोध होता. तो शोध मला कधी हास्यास्पद वाटला नाही. पण इतका हिंडता माणूस घरात कोमेजत चालला, याचं फार वाईट वाटे.

खंडेनवमीला विळी, कात्री, खुरपं मांडलं आणि मधोमध सायकल उभी केली. हळदकुंकवासोबत मी भाबडेपणानं अक्षताही वाहिल्या, आणि त्या तेल दिलेल्या साखळीला चिकटून बसल्या! बोटाचा ठसा उमटला तरी मऊ फडकं घेऊन धावणारे हे. मी जीभ चावली. पण पूजलेल्या आयुधाला त्या दिवशी हात लावत नाहीत, म्हणून हे नुसतेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "उद्या शीव ओलांडायला लागती. हिलाच घेऊन जातो."

आपले पूर्वज किती शहाणे! वस्तूला झेंडूची माळ घालायची, मनसोक्त कौतुक करायचं, एक दिवस विसावा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला कामाला जुंपायचं. कौतुकात त्यांनी काही कमी केलं नाही, फक्त ते तिथंच थांबू दिलं नाही.

दसऱ्याला हे आपट्याची पानं आणायला वालूरच्या रस्त्याला लागले, आणि मी तोरणाखाली पायरीवर बसून राहिले. हातातलं काम सुचेना. दूर कुठंतरी सोयाबीनची मळणी चालू होती, उन्हं उतरत होती, आणि माझे कान रस्त्याकडे लागले होते.

गल्लीच्या वळणावरून तो आवाज आला. टिर्र-टिर्र-टिर्र. हेल्मेट वाकडं, हँडलला आपट्याची डहाळी, आणि ती निळी काया मळणीच्या धुळीनं पार करडी झालेली. मी यांच्याच सवयीनं मऊ फडकं आणायला उठले.

"पुसू नको," हे म्हणाले. "आज राहू दे."

आणि सोनं म्हणून माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. त्यावरही वालूरच्या रस्त्याची धूळ होती.